कुंडीतील पिटुनिया

वाचकहो, शेतातले झाड आणि कुंडीतले झाड यांत मोठा फरक आहे. शेतातल्या झाडाला तहान लागली, की त्याचे मूळ खाली खाली जाते. ओल शोधते. मध्ये दगड आला, तर बाजूने वाट काढते. कुंडीतल्या झाडाला हे जमत नाही. त्याचे मूळ वीतभर गेले, की कुंडीची भिंत लागते. पुढे वाट नाही. त्याचे पाणी, त्याचे खत, त्याचे ऊन, सारे आपल्या हाती असते. कुंडीतले झाड म्हणजे दावणीला बांधलेले जनावर. आपण चारा घातला नाही, तर ते बिचारे कोठून आणणार?

ही गोष्ट ध्यानात ठेवली, की कुंडीतले कोणतेही झाड सांभाळता येते. आज आपण पिटुनिया या फुलझाडाचा पाठ घेऊ. ज्याच्याजवळ गुंठाभरही जमीन नाही, त्याच्या ओट्यावरही हे झाड फुलते. त्याला एक कुंडी पुरे, आणि रोजची पाच मिनिटे पुरेत.

मिरचीचे भाऊबंद

पिटुनियाचे फूल कर्ण्यासारखे असते. पांढरे, जांभळे, गुलाबी, लाल असे त्याचे पुष्कळ रंग आहेत. पाने मऊ व लवदार असतात. हात लावला, तर बोटांना चिकट लागते.

हे झाड मूळचे आपल्याकडचे नव्हे. ते दक्षिण अमेरिकेतले. ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे या देशांत ते रानोमाळ उगवते. तेथे त्याच्या एका जातीचे फूल पांढरे असते. ते संध्याकाळी सुवास सोडते, आणि रात्री हिंडणारे पतंग त्याच्याकडे येतात. दुसऱ्या जातीचे फूल जांभळे असते. त्याच्याकडे दिवसा मधमाश्या येतात. युरोपातल्या माळ्यांनी १८३० नंतरच्या काळात या दोन जातींचा संकर केला. आजची बागेतली पिटुनिया त्यातून निघाली.

नावाचीही गंमत आहे. ब्राझीलमधले मूळचे लोक तंबाखूला 'पेटुन' म्हणत. हे झाड तंबाखूच्या कुळातले, म्हणून १८०३ साली जुस्यू नावाच्या फ्रेंच पंडिताने त्याला पिटुनिया हे नाव दिले. याच कुळात मिरची, वांगे, टोमॅटो आणि बटाटा येतात. तेव्हा मिरचीचे रोप ज्यांनी वाढवले आहे, त्यांना पिटुनिया अवघड नाही. ती मिरचीचीच भाऊबंद आहे.

वेळ कोणती?

युरोपात हे झाड उन्हाळ्यात फुलते. आपल्याकडे ते हिवाळ्यात लावतात. आपला कडक उन्हाळा त्याला सोसत नाही, आणि जोराच्या पावसाने त्याची नाजूक फुले फाटतात, कुजतात. म्हणून पाऊस ओसरला, की सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात बी टाकावे. डिसेंबर-जानेवारीत फुले येऊ लागतात. ऊन तापेपर्यंत ती टिकतात.

बी विकत घेताना पाकिटावरचा मजकूर वाचावा. आता आपल्याला वाचता येते, मग दुकानदाराच्या तोंडाकडे का पाहावे? पाकिटावर वाणाचे नाव असते. शंभर बियांतून किती उगवतील, तो आकडा असतो. बी कोणत्या तारखेपर्यंत चांगले, तेही छापलेले असते. तारीख उलटून गेली असेल, तर ते पाकीट परत करावे. 'संकरित' असा शब्द असेल, तर आणखी एक गोष्ट समजावी. त्या झाडाचे बी धरून पुढच्या वर्षी लावले, तर तशीच फुले येतील असे नाही.

कुंडी आणि माती

मातीची कुंडी उत्तम. तिच्या अंगातून पाणी पाझरते, हवा खेळते, मुळे थंड राहतात. पण कुंडीच पाहिजे असे नाही. फुटका माठ, जुनी बादली, पत्र्याचा डबा, काहीही चालते. मात्र पत्र्याचा डबा उन्हात तापतो. त्याला दुपारच्या उन्हात ठेवू नये. आणखी एक सक्त ताकीद. कीटकनाशक औषधाचा रिकामा डबा कधीही घरात आणू नये. तो कितीही धुतला, तरी विषाचाच. अशा काही डब्यांवर 'विष' हा शब्द लिहिलेला असतो. तो वाचावा, आणि मुलाबाळांनाही वाचून दाखवावा.

भांड्याला तळाशी भोके हवीतच. भोक नसेल, तर पाणी तुंबते. तुंबलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा. म्हणजे माती वाहून जात नाही, आणि पाणी मात्र निघून जाते.

मातीचे माप असे घ्यावे : दोन घमेली पोयट्याची माती, एक घमेले कुजलेले शेणखत, एक घमेले वाळू. काळी माती असेल, तर वाळू थोडी जास्त घालावी. काळी माती पाणी धरून ठेवते. ताजे शेण घालू नये. ते कुजताना तापते आणि कोवळी मुळे जाळते. कुंडी काठोकाठ भरू नये. वर एक इंच जागा ठेवावी. ती पाण्याची जागा.

बी टाकणे

पिटुनियाचे बी फार बारीक. एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० बिया भरतात. राजगिरासुद्धा त्याच्यापुढे थोराड दिसेल! म्हणून चिमूटभर बी मूठभर कोरड्या बारीक वाळूत मिसळावे, आणि ती वाळू पसरट भांड्यातल्या ओल्या मातीवर भुरभुरावी. हाताने हलकेच दाबावे. वर माती लोटू नये. या बियांना उगवायला उजेड लागतो. माती लोटली, की बी गाडले गेले म्हणून समजा.

वरून झारीने पाणी घातले, तर बी वाहून जाते. म्हणून ते भांडे परातीतल्या उथळ पाण्यात ठेवावे. पाणी खालून वर चढते. माती वर ओली दिसली, की भांडे उचलावे. वर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक झाकावे. जागा उजेडाची असावी, पण कडक उन्हाची नको. आठ-दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसू लागतात. मग झाकण काढावे. दाट रोपे विरळ करावीत. दाटीत व ओलीत रोपे बुडाशी कुजून कोलमडतात.

पाच-सहा पाने आली, म्हणजे रोप कुंडीत लावावे. काम संध्याकाळी करावे. आठ इंची कुंडीत एक रोप, बारा इंची कुंडीत तीन. त्याहून दाटी करू नये. पहिले तीन-चार दिवस सावलीत ठेवावे, आणि मग उन्हात न्यावे. रोज पाच-सहा तास ऊन पाहिजे. सावलीत झाड नुसते लांबते, फुलत नाही.

पाणी : बोटाला विचारा

पुष्कळ लोक विचारतात, "मास्तर, पाणी रोज घालायचं का दिवसाआड?" आम्ही म्हणतो, ते आम्हाला विचारू नका, आपल्या बोटाला विचारा. बोटाचे एक पेर मातीत खुपसावे. आत कोरडे लागले, तर पाणी घालावे. ओल लागली, तर घालू नये. पाणी सकाळी घालावे, बुडाशी घालावे, आणि तळाच्या भोकातून थोडे बाहेर येईपर्यंत घालावे. फुलांवर व पानांवर ओतू नये. ओली पाने रात्रभर राहिली, की बुरशी येते.

कधी कधी माती ओली असते, तरी झाड मान टाकते. अशा वेळी लोक घाबरतात आणि आणखी पाणी ओततात. तसे करू नये. ते झाड तहानेले नाही. जास्त पाण्याने त्याची मुळे कुजू लागली आहेत, म्हणून समोरचे पाणीही त्याला पिता येत नाही. पाणी बंद करावे, भोक तपासावे, आणि माती सुकू द्यावी.

कुंडीखाली ताटली ठेवली असेल, तर तिच्यातले पाणी रोज ओतून टाकावे. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवडाभरात अंड्याचा डास होतो. फुलासाठी घरात ताप आणणे शहाणपणाचे नाही.

खत

आपण पाणी घालतो, आणि पाण्याबरोबर मातीतला कस थोडा थोडा वाहून जातो. शिवाय हे झाड भुकेलेले. म्हणून दर दहा-बारा दिवसांनी पातळ खत द्यावे. दोन ओंजळी कुजलेले शेणखत बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवावे. सकाळी गाळून घ्यावे. ते पाणी कोऱ्या चहासारखे पातळ दिसेल, इतके साधे पाणी त्यात घालावे. माती ओली असताना हे खत द्यावे. युरिया मुठीने टाकू नये. त्याने पाने माजतात आणि फुले कमी होतात.

खुडणे

आता पाठातला मुख्य भाग. रोप चार-पाच बोटे उंच झाले, की त्याचा शेंडा नखाने खुडावा. म्हणजे बाजूने फुटवे येतात. एका काडीच्या चार काड्या होतात, आणि प्रत्येक काडीवर फुले येतात.

फूल सुकले, की तेही खुडावे. नुसत्या पाकळ्या ओढू नयेत. पाकळ्यांच्या बुडाशी हिरवी वाटी असते. तिच्यात बोंड धरते. त्या बोंडासकट फूल काढावे.

आमच्या वर्गातल्या एक आजीबाई हे ऐकून म्हणाल्या, "मास्तर, फुललेल्या झाडाला नख लावायचं म्हंजी पाप न्हाई का? लेकरावानी वाढवायचं, आन् तोडायचं?" आजींचे म्हणणे मायेचे होते. आम्ही त्यांना विचारले, "आजी, झाड फुलतं कशासाठी?" त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "बी धरायसाठी." अगदी बरोबर! एकेका बोंडात शंभराहून जास्त बिया असतात. बोंडे भरू लागली, की झाडाची सारी ताकद बियांत जाते. बी तयार झाले, म्हणजे त्याच्या हिशेबी काम संपले. मग ते नवी फुले कशाला काढील? बोंड खुडले, की झाड पुन्हा फुलायला लागते. आजी म्हणाल्या, "म्हंजी कोथिंबिरीचा तुरा मोडत्यात, तसंच की!" आम्हाला पुढे काही सांगावे लागले नाही.

जानेवारीच्या अखेरीस झाड लांबट होते. मध्ये काड्या उघड्या पडतात, फुले फक्त टोकाला दिसतात. तेव्हा झाडाचा तिसरा हिस्सा कापावा व पातळ खत द्यावे. दोन-तीन आठवड्यांत नवा बहर येतो.

कीड आणि तंबाखूचा हात

कोवळ्या शेंड्यांवर मावा पडतो. रोज पानांची खालची बाजू पाहावी. थोडा मावा असेल, तर बोटाने पुसून काढावा. जास्त असेल, तर ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्याने गाळावी, त्यात थोडा साबण विरघळवावा, आणि संध्याकाळी फवारावी.

आणखी एक रोग आहे. त्याने पानांवर फिकट-गडद हिरवे डाग पडतात, पाने आकसतात, झाड खुरटते. हा रोग तंबाखूच्या झाडाचा. तंबाखूत त्याचे विषाणू असतात. पान वाळले, त्याची पुडी झाली, तरी ते मरत नाहीत. तळहातावर तंबाखू मळली, आणि त्याच हाताने पिटुनियाचा शेंडा खुडला, तर रोग झाडाला लागू शकतो. टोमॅटोला आणि मिरचीलाही तो असाच लागतो. त्यावर औषध नाही. रोगट झाड उपटून दूर टाकावे लागते. म्हणून रोपाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवावेत. तंबाखूच सोडली, तर रोपाचे भले, आणि आपले त्याहून भले.

शेवटी एवढेच. सकाळी तोंड धुतले, की कुंडीजवळ जावे. बोटाने माती पाहावी. पानाची खालची बाजू पाहावी. सुकलेले फूल खुडावे. ताटली ओतावी. ही चार कामे पाच मिनिटांची आहेत. ती एक दिवस पुष्कळ आणि चार दिवस मुळीच नाहीत, असे करून चालत नाही. हीच सवय मिरचीच्या डब्यालाही लावावी. मग अंगणात फूलही येईल, आणि जेवणात तिखटही.

प्रश्न

१. कुंडीतल्या झाडाला आपली गरज जास्त का लागते?
२. पिटुनियाच्या बियांवर माती का लोटू नये?
३. माती ओली असून झाड मान टाकते, तेव्हा काय करावे?
४. सुकलेले फूल बोंडासकट का खुडावे?
५. तुमच्या घरातले बियाणाचे एक पाकीट घ्या. त्यावरचे वाणाचे नाव आणि शेवटची तारीख वहीत लिहा.