कायर्डीदमध्ये स्वागत : पाहुण्यांसाठी थोडी वेल्श

कार्डिफ सेंट्रल स्थानकात उतरले की पहिली गोष्ट जाणवते ती दोन भाषांची. पाट्या दोन भाषांत, घोषणाही दोन भाषांत. १९५५ साली वेल्सची राजधानी झालेल्या या शहराचे वेल्श नाव कायर्डीद. २०२१च्या जनगणनेत वेल्समधल्या सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते असे सांगितले, म्हणजे साधारण १८ टक्के.

पाट्या वाचताना पाहुणे बिचकतात, पण तसे काही कारण नाही. वेल्शचे स्पेलिंग इंग्रजीपेक्षा कितीतरी शिस्तीचे आहे. डब्ल्यू बहुधा ‘ऊ’ असतो, म्हणून रस्त्यावरची बस इथे ‘बूस’ होते. एक एफ म्हणजे ‘व’, दोन एफ म्हणजे ‘फ’. डांबरावर मोठ्या अक्षरांत रंगवलेला ‘आराव’ हा शब्द वाहनांना सावकाश जायला सांगतो. दोन डी एकत्र आले की जिभेचे टोक दातांत धरून मऊ ‘द’ म्हणायचा. कायर्डीदच्या शेवटी तोच आहे. शब्दातला जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर.

खरी परीक्षा जोड-एलची. जीभ ‘ल’च्या जागी टेकवायची, कंठातून आवाज न काढता जिभेच्या कडेने हवा सोडायची. शहराच्या पश्चिमेला जुने कॅथेड्रल असलेल्या लँडॅफच्या वेल्श नावाची सुरुवात याच ध्वनीने होते. गावांच्या नावांत तो वारंवार भेटतो, कारण ‘ल्लान’ म्हणजे चर्च आणि त्याभोवतीची वस्ती.

एकच नाव पाट्यांवर वेगवेगळे दिसले तर गोंधळू नये. मराठीत पुणे ‘पुण्याला’ होते, शब्दाचा शेवट बदलतो; वेल्शमध्ये सुरुवात बदलते. ‘कायर्डीदला’ म्हणताना ‘इ गायर्डीद’ म्हणतात, आणि वेल्सचे ‘कम्री’ हे नाव सीमेवरच्या स्वागतफलकावर ‘क्रोइसो इ गम्री’ असे येते.

बोलायला थोडेच शब्द पुरतात. भेटल्यावर ‘शूमाय’, सकाळी ‘बोरे दा’, रात्री निरोप घेताना ‘नोस दा’. ‘अल्लान्वा’ म्हणजे बाहेर जाण्याची वाट, ‘हेद्ली’ म्हणजे पोलीस, ‘अस्बती’ म्हणजे रुग्णालय; हे तीन पाटीवर ओळखता यायलाच हवेत. आभारासाठी ‘दिओल्ख’, त्यातला ‘ख’ घशात घासून. दुकानात, उपाहारगृहात, बसमधून उतरताना पाहुण्यांनी हा शब्द जरूर वापरावा.