स्टूल ओढून बस

काल नाइटवरून आलीस ती न बोलता, न जेवता झोपलीस, आई सांगत होती. वॉर्डातल्या आजी गेल्या ना? पहिला मृत्यू असाच अंगावर येतो गं.

माझी चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाईंनी विचारलं, ‘सिस्टर, हे बरे होतील ना?’ सलाईन लावता लावता मी म्हटलं, ‘काही होणार नाही.’ पहाटे ते गेले. बाई रागावल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून ते वाक्य मी टाकलं. आता स्टूल ओढून बसते आणि विचारते, ‘डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला?’ बहुतेक पेशंटना कळलेलं असतं. घरचे त्यांच्यापासून लपवतात, ते घरच्यांपासून. आजाराचं डॉक्टरांनीच सांगायचं. भीती मात्र तू ऐकू शकतेस.

सिसिली साँडर्स आधी नर्सच होत्या, मग डॉक्टर झाल्या. १९६७ साली लंडनला त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस काढलं. त्या म्हणायच्या की दुखणं एकट्या शरीराचं नसतं, मनाची, घरची, पैशाची काळजीही त्यातच दुखते. आपल्याकडे रोज दिसतं ते. बदलापूरहून लोकलच्या गर्दीत टाटा हॉस्पिटलात केमोला जाणारी बाई. अंबरनाथच्या कारखान्यात रोजावर असलेला मुलगा, खाडा झाला की पैसे बुडतात. तो रात्री उशिरा भेटायला आला तर ‘आत्ता आलात?’ म्हणू नकोस. उल्हासनगरच्या कॅम्पातले, फाळणीत लहानपणी घर सुटलेले आजोबा शेवटी शेवटी फक्त सिंधीत बोलतात. शेजारच्या सिंधी काकूंना विचार. पाणी मागताहेत की आईला हाक मारताहेत, त्या सांगतील.

माणूस गेल्यावर घाई नको. नळ्या काढ (पोलीस केस असेल तर हात लावायचा नाही, माहीत आहेच), तोंड पूस, केस सारखे कर, चादर गळ्यापर्यंतच घे. मग नातेवाइकांना आत घे. मंगळसूत्र, बांगड्या, चष्मा मोजून, सही घेऊन हातात दे. पिशवीत कोंबलेलं मंगळसूत्र लेक जन्मभर विसरत नाही.

रडलीस त्यात लाजायचं काय? वॉर्डातल्या मावशींजवळ रड, माझ्याजवळ रड. आज त्या बेडवर दुसरं कुणी आलेलं असेल. पण शेजारच्या बेडवरची बाई त्या रात्री जागीच होती, तिने सगळं बघितलंय. आधी तिच्याकडे जा.