एकाच पायाची वाढ आणि आईवरचा आळ

बाळाच्या एका पायावर जन्मतःच तांबडा-जांभळा डाग दिसतो. मूल वाढू लागते तसतशा त्या पायावर शिरा फुगून येतात आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा जाड, लांब होत जातो. अशा वेळी आपल्याकडे पहिला जाब आईलाच विचारला जातो. ग्रहण पाळले नाहीस का? विळी हातात घेतलीस का? मुख्यतः या प्रश्नांसाठीच आम्ही हा लेख लिहीत आहोत.

या विकाराला क्लिपेल-ट्रेनॉने लक्षणसमूह म्हणतात. मॉरिस क्लिपेल व पॉल ट्रेनॉने या फ्रेंच डॉक्टरांनी १९०० साली त्याचे वर्णन केले. डाग, शिरांचा दोष आणि हाडामांसाची जादा वाढ ही त्याची तीन लक्षणे. रोहिणी व नीला यांची थेट जोड असणारा पार्क्स वेबर विकार निराळा. जुन्या पुस्तकांत तिन्ही नावे एकत्र जोडलेली आढळतात, त्यामुळे विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो.

आता कारण पाहू. गर्भधारणेनंतर एका पेशीपासून विभाजन होत होत देह घडतो. या काळात एखाद्याच पेशीतील जनुकात बदल होतो. बहुतेक रुग्णांत हे जनुक पीआयकेथ्रीसीए नावाचे असते. पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या साखळीतील हा एक दुवा आहे. तो बदलला की संदेश थांबतच नाही. दोष फक्त त्या पेशीच्या वंशात उतरतो, म्हणून एक पाय वाढतो आणि दुसरा नीट राहतो. साध्या रक्ततपासणीत हा बदल सहसा सापडत नाही. बाधित भागाचाच तुकडा तपासावा लागतो. तो आईबापांकडून आलेला नसतो. ग्रहणाने वा विळीने तर तो घडतच नाही. अशा कारणावरून सुनेला माहेरी धाडणाऱ्यांनी एवढा परिच्छेद तरी दोनदा वाचावा.

विकार पूर्ण बरा होत नाही, पण पाय सांभाळता येतो. दाब देणारा लवचिक मोजा वापरतात, आखूड पायाच्या बुटाला उंच तळ लावतात. फुगलेल्या शिरा काढण्याची घाई मात्र नको. खोल नीला अपुऱ्या असतील तर या वरच्या शिराच रक्त परत नेत असतात, म्हणून आधी डॉप्लर तपासणी हवी. पाय अचानक सुजला, तापला, दुखू लागला तर मालीश करू नये. रक्ताची गुठळी असू शकते. तडक दवाखाना गाठावा. या जनुकाच्या गंभीर विकारांसाठी २०२२ साली अमेरिकेत अल्पेलिसिब या औषधाला मान्यता मिळाली.

शाळेत अशा मुलाला खेळातून सरसकट बाजूला बसवतात. केसी मार्टिन हा अमेरिकन गोल्फपटू उजव्या पायात हाच विकार घेऊन व्यावसायिक स्पर्धा खेळला. स्पर्धेत मैदान पायीच पार करण्याचा नियम होता. गाडी वापरू द्यावी यासाठी तो न्यायालयात गेला. गाडीमुळे खेळाचे मूळ स्वरूप बदलत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ७ विरुद्ध २ मतांनी दिला. पुढे २०२१ मध्ये त्याचा तो पाय कापावा लागला.