जुना संगणक, हरवलेला ड्रायव्हर आणि आपले दाखले





या अंकात आम्ही आपला एक तासच घेणार आहोत. विषय थोडा तांत्रिक आहे, पण त्याची सुरुवात आपल्याच कार्यालयात झाली, म्हणून आधी तो प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात शाळेची एक माजी विद्यार्थिनी टी.सी.ची दुसरी प्रत मागायला आली. नोकरीच्या कागदपत्रांसाठी ती तिला सोमवारपर्यंत हवी होती आणि त्या दिवशी शुक्रवार होता. दाखिल-खारिज रजिस्टर काढले, तर छताच्या गळतीने त्या काळातली पाने भिजून एकमेकांना चिकटलेली. तेव्हा आमच्या लिपिक काकांना आठवले, की या नोंदी कोपऱ्यातल्या जुन्या विंडोज ९८ च्या संगणकातही आहेत. संगणक सुरू झाला. पडद्यावर मुलीचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख सारे काही स्वच्छ मराठीत दिसले. प्रिंट दिली, तर कागदावर उमटल्या नुसत्या तुटक रेघा, ठिपके आणि अनोळखी चिन्हे.

त्या मुलीचे काम अडले नाही. नोंद पडद्यावरून हाताने उतरवून, निकालपत्रकाशी ताडून आम्ही शनिवारी तिला प्रत दिली. पण त्या संगणकात आणखी शेकडो विद्यार्थ्यांच्या नोंदी होत्या, कागदावरच्या भिजलेल्या होत्या आणि तो संगणक भंगारात देण्याचा विषय पुढच्याच सभेत होता. पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे म्हटले, तर विंडोज ९८ ला पेन ड्राइव्ह ओळखता येईना. प्रिंटर आणि पेन ड्राइव्ह, दोन्हीकडे उणीव एकाच गोष्टीची होती: योग्य ड्रायव्हरची. आणि त्या ड्रायव्हरच्या फ्लॉप्यांचा डबा कुठे गेला होता? दिवाळीच्या साफसफाईत तो आम्हीच रद्दीवाल्याला दिला होता. चूक आमचीच, म्हणून हा पाठही आम्हीच घ्यावा हे बरे.

ड्रायव्हर म्हणजे कोण?

मुलांनो, ड्रायव्हर म्हटले की तुम्हाला सिटी बसचा चालक आठवेल. संगणकातला ड्रायव्हर मात्र दुभाष्या असतो. इंदूरला राहणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजवायला नको. आजी घरात मराठीत सांगते, ‘कोथिंबीर आण’, आणि नातू भाजीवाल्याला सांगतो, ‘भैया, हरा धनिया देना.’ आजीला भाजीवाल्याची भाषा येण्याची गरज नाही आणि भाजीवाल्याला आजीची. मधला नातू तेवढा हुशार हवा.

संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, ही आजी. प्रिंटर, माउस, कॅमेरा ही उपकरणे भाजीवाले. प्रत्येकाची बोली निराळी. कार्यप्रणाली फक्त ‘हे पान छाप’ एवढे सांगते. कोणती सुई केव्हा हलवायची, कागद किती सरकवायचा, हे त्या उपकरणाच्या बोलीत सांगणारी लहानशी आज्ञावली म्हणजे डिव्हाइस ड्रायव्हर.

तो कसा लिहीत असत?

हे समजायला जुनी डॉस ही कार्यप्रणाली उत्तम, कारण ती लहान आणि साधी आहे. मायक्रोसॉफ्टची डॉस १९८१ साली आली. १९८३ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून नवा ड्रायव्हर बाहेरून जोडण्याची सोय झाली. ‘कॉन्फिग.सिस’ नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची, की संगणक सुरू होताना तो ड्रायव्हर स्मृतीत येऊन बसे.

अशा ड्रायव्हरच्या सुरुवातीला एक मथळा असतो. त्यात पुढच्या ड्रायव्हरचा पत्ता, उपकरणाचा प्रकार, त्याचे नाव आणि दोन दारांचे पत्ते असतात. एका दाराला ‘स्ट्रॅटेजी’ म्हणतात, दुसऱ्याला ‘इंटरप्ट’. पहिल्या दारातून डॉस फक्त अर्ज देते, दुसऱ्या दारातून काम करवून घेते. आपल्या कार्यालयात आवक खिडकीवर अर्ज घेतला जातो आणि काम आतल्या टेबलावर होते, तसेच हे. अर्जावर कामाचा क्रमांक असतो: शून्य म्हणजे ‘तयार हो’, चार म्हणजे ‘वाच’, आठ म्हणजे ‘लिही’. काम झाले की ड्रायव्हरने ‘झाले’ किंवा ‘अमुक अडचण आली’ असा शेरा मारून अर्ज परत करायचा.

यात धोका असा, की डॉसमध्ये ड्रायव्हर आणि बाकी संगणक यांच्यात भिंत नव्हती. ड्रायव्हरमध्ये एक चूक झाली की सारा संगणक जागच्या जागी थिजे. म्हणून जाणकार लोक नवा ड्रायव्हर आधी फ्लॉपीवर ठेवून तिथूनच संगणक सुरू करीत. बिघडले, तर फ्लॉपी काढून घ्यायची, हार्ड डिस्कवरची व्यवस्था शाबूत. गाडी नेमकी कुठे अडते हे कळावे म्हणून प्रत्येक टप्प्यावर पडद्यावर एकेक अक्षर उमटवीत. ‘क’, ‘ख’ उमटले आणि ‘ग’ आले नाही, तर दोष ‘ख’ आणि ‘ग’च्या मध्ये.

संगणक देवनागरी कसा शिकला?

त्या काळच्या संगणकाच्या पडद्यावर २५६ चिन्हेच मावत आणि ती इंग्रजीच्या सोयीची. आपल्या काना-मात्रा आणि जोडाक्षरे त्यात कशी बसणार? हे कोडे आयआयटी कानपूर येथे प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात त्यांचा देवनागरी संगणक लोकांनी पाहिला. पुढे मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली ‘जिस्ट’ हे तंत्र आकाराला आले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि जिस्टचे काम तिथे वाढले.

जिस्टचे कार्ड संगणकाच्या आतल्या खाचेत बसे. इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या आज्ञावल्या आपण इंग्रजीतच काम करतो आहोत अशा समजुतीत राहत आणि मधला दुभाष्या पडद्यावर भारतीय अक्षरे उमटवी. मूळ आज्ञावलीत बदल करावा लागत नसे, हे त्याचे वैशिष्ट्य. अक्षरांना क्रमांक देण्याची ‘इस्की’ ही पद्धत १९९१ साली भारतीय मानक झाली. त्यात देवनागरीच्या ‘क’ला जो क्रमांक, तोच गुजराती आणि बंगाली ‘क’ला. आज मोबाइलवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये, आणि त्यातली भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरूनच घेतलेली आहे.

विंडोज आल्यावर पडद्यावर लिहिण्याची रीतच बदलली आणि कार्डाची जागा निरनिराळ्या मराठी फॉन्टांनी घेतली. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसे, तो नसला की नुसता इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. आपल्या शाळेच्या नोंदी नेमक्या याच प्रकारच्या होत्या.

दोष कसा शोधला?

आता पुन्हा आपल्या प्रिंटरकडे येऊ. ठिपक्यांनी छापणारा, नऊ सुयांचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. आम्ही आमच्या नवव्या वर्गातल्या चार मुलांना बरोबर घेतले, एक वही ठेवली आणि एक नियम केला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती आधी लिहायची.

पहिली पायरी. प्रिंटर संगणकापासून वेगळा केला, कागद सरकवायचे बटण दाबून धरले आणि वीज सुरू केली. प्रिंटरने आपली चाचणी आपणच छापली. म्हणजे प्रिंटर निरोगी.

दुसरी पायरी. तार जोडली आणि डॉसमधून इंग्रजी मजकुराची एक साधी फाइल सरळ प्रिंटरकडे पाठवली. अक्षरे स्वच्छ उमटली. म्हणजे तार आणि संगणकाचे दार दोन्ही ठीक.

तिसरी पायरी. विंडोजमधून मराठी पान छापले. पुन्हा तोच गोंधळ.

इथे मुलांना विचारले, ‘फरक कशात आहे?’ एका मुलीने बरोबर सांगितले. इंग्रजी अक्षरांचे आकार प्रिंटरच्या पोटातच असतात. नुसता क्रमांक सांगितला तरी तो छापतो. मराठी अक्षरे त्याच्या पोटात नाहीत, ती चित्रासारखी ठिपक्या-ठिपक्यांनी काढावी लागतात. म्हणजे दोष चित्र पाठवणाऱ्यात, अर्थात ड्रायव्हरमध्ये. नोंद पाहिली तर तसेच निघाले. कधीतरी हार्ड डिस्क नव्याने तयार करताना कोणीतरी यादीतून मिळत्याजुळत्या नावाचा ड्रायव्हर निवडला होता, पण तो चोवीस सुयांच्या प्रिंटरचा होता. तो प्रत्येक उभ्या ओळीसाठी चोवीस ठिपक्यांचे तीन बाइट पाठवी; आमचा बिचारा नऊ सुयांचा प्रिंटर एका वेळी आठ ठिपक्यांचा एकच बाइट घेणारा. त्याला आज्ञाच कळेना, म्हणून चित्राचे आकडे तो अक्षरे समजून छापत सुटला. यादीतून नऊ सुयांचा योग्य ड्रायव्हर निवडला आणि पुढच्याच पानावर मराठी नावे उमटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खरे सांगायचे तर आम्हीही.

नोंदींची फाइल मात्र निराळ्या वाटेने बाहेर काढली. आर.एन.टी. मार्गावरच्या एका दुकानदाराने हार्ड डिस्क काढून, पट्टी जोडून ती नव्या संगणकावर उतरवून दिली. मग नोंदी युनिकोडमध्ये आणल्या आणि छापील पानांवरून एकेक नाव ताडून पाहिले. हे ताडणे किती आवश्यक होते ते ‘कऱ्हाडे’ या आडनावाने दाखवले. आडवा ‘ऱ’ रूपांतरात हरवून प्रत्येक वेळी भलतेच काही होई. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तिथे हा ‘ऱ’ नाही, त्यामुळे आमच्या नजरेतूनही तो दोनदा सुटला. लिपिक काकांनी पकडला.

आज याचे काय?

कोणी म्हणेल, जुन्या काळच्या गोष्टी कशाला? १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या ड्रायव्हरला एक सदोष फाइल मिळाली. वीस मूल्ये पुरवलेली असताना तो एकविसावे वाचायला गेला, आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. आपल्या देशातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. संगणक बदलले, पण दुभाष्याच्या चुकीची किंमत कमी झालेली नाही.

आणि दुसरी बाजू आपल्या इंदूरकरांच्या घरातलीच आहे. होळकर दरबाराचे जुने मराठी कागद मोडीत आहेत. अनेक घरांतल्या पेट्यांतही असे कागद असतील. कागद टिकले, शाई टिकली, पण वाचणारे उरले नाहीत, म्हणून आजोबांच्या आजोबांनी काय लिहिले ते नातवाला कळत नाही. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, तरी वाचायला माणूस लागतोच. आमच्या हातून फ्लॉप्यांचा डबा गेला तेव्हा आम्ही शाळेच्या नोंदींचे तेच करीत होतो.

म्हणून विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे, की कोणतेही जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. त्यातली माहिती नव्या रूपात उतरली का? ती माणसाने ताडून पाहिली का? एक छापील प्रत कोरड्या कपाटात आहे का? आणि यंत्राचे ड्रायव्हर, माहितीपुस्तिका व कोणी काय बदलले त्याची वही एकत्र ठेवली का? पालकांनीही घरच्या जुन्या संगणकातली छायाचित्रे आणि आजी-आजोबांनी टंकलेले लेखन आजच बाहेर काढावे. ज्यांना मोडी वाचता येते अशा ज्येष्ठांनी कार्यालयात नाव द्यावे. शनिवारचा एक तास आम्ही त्यांच्यासाठी आनंदाने मोकळा ठेवू.

मुलांसाठी स्वाध्याय

१. विंडोजच्या संगणकावर नवे फोल्डर करून त्याला इंग्रजीत सी, ओ, एन या तीन अक्षरांचे नाव देऊन पाहा. काय होते ते लिहा. (सूचना: डॉसमध्ये हे कीबोर्ड आणि पडदा यांच्या ड्रायव्हरचे नाव होते.)

२. घरातले एखादे बिघडलेले उपकरण घ्या. मोठ्यांच्या देखरेखीखाली, एका वेळी एकच गोष्ट बदलून, दोष कुठे आहे ते शोधा. प्रत्येक पायरी वहीत लिहा. दोष सापडला नाही तरी वही दाखवा, गुण वहीला आहेत.

३. घरातला एक जुना कागद शोधा, जो घरात एकाच व्यक्तीला वाचता येतो. तो तिच्याकडून वाचून घ्या आणि आजच्या मराठीत उतरवून आणा.



— मुख्याध्यापक