वीस टक्क्यांचा हिशेब

माझे वडील घरबांधणीची कंत्राटे घेतात. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात आणि आसपासच्या खेड्यांत त्यांनी बांधलेली घरे भक्कम उभी आहेत. कामाची वानवा त्यांना कधी भासली नाही. तरीही दर पावसाळ्यात आईच्या बांगड्या पतपेढीत जात आणि दिवाळीनंतर सुटून येत. काम भरपूर आणि हाती काही नाही, हे कोडे मला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी परिव्यय लेखांकन शिकताना थोडेथोडे उलगडू लागले.

वडिलांची दर ठरवण्याची रीत सर्व लहान कंत्राटदारांची असते तीच. नकाशा पाहून सिमेंटची पोती, वाळू-खडीचे ब्रास, सळई, चिरा आणि गवंडी-बिगाऱ्यांच्या हजेऱ्या यांची बेरीज करायची. त्यावर वीस टक्के चढवायचे आणि गिऱ्हाइकाला आकडा सांगायचा. "अगं, शंभराला वीस सुटतात, आणखी काय हवं?" असे ते म्हणत.

यात पहिली चूक अगदी साधी आहे. शंभर रुपये खर्चावर वीस चढवले की किंमत होते १२०. त्या १२० मधले वीस म्हणजे किमतीच्या १६.६७ टक्के. गिऱ्हाईक सूट मागते ती किमतीवर, आणि आपण मनात धरलेले वीस असतात खर्चावरचे. दोन वेगळ्या मापांनी मोजल्यावर हिशेब जुळणार कसा?

दुसरी चूक मोठी. दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्या वर्षभराच्या वह्या काढल्या. (वाळूच्या पावत्या कानडीत, मजुरांची हजेरी मराठीत. दोन्ही वाचता येतात याचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते.) आकडे सोयीसाठी पूर्ण करून देते. वर्षात तीन लहान घरे, प्रत्येकाचा प्रत्यक्ष खर्च आठ लाख, म्हणजे एकूण २४ लाख. वीस टक्क्यांनी मिळाले ४ लाख ८० हजार. आता गुदामाचे भाडे, टेम्पो, सेंट्रिंगच्या प्लेटा आणि मिक्सरची दुरुस्ती, पेट्रोल, हिशेबनिसाची फी, उचल घेऊन गेलेले मजूर. हे कोणत्याही एका घराच्या नावावर पडत नाही, म्हणून कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाही. त्याची बेरीज निघाली तीन लाख. उरले १ लाख ८० हजार, महिन्याला पंधरा हजार. आमच्याच कामावरचा मेस्त्री आठशे रुपये रोजाने महिन्याचे पंचवीस दिवस भरतो, त्याचे वीस हजार होतात. हे मी वडिलांना दाखवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांचा स्वतःचा पगार कोणत्याच वहीत नव्हता. मालकाची मजुरी म्हणजेच नफा, असा आपल्याकडे समज आहे. पण मालक आजारी पडला तर दुसरा माणूस नेमावा लागेल आणि त्याला पगार द्यावा लागेल. तेव्हा तो खर्चच. महिना पंचवीस हजार धरले तर वर्षाचे तीन लाख. म्हणजे अप्रत्यक्ष खर्च सहा लाख, आणि प्रत्यक्षासह एकूण ३० लाख. धंदा वाढवायला व अडीअडचणीला किमतीच्या दहा टक्के नफा हवा असेल, तर ३० लाख ही किमतीची नव्वद टक्के रक्कम झाली. किंमत आली ३३ लाख ३३ हजार. प्रत्यक्ष खर्च किमतीच्या ७२ टक्के, अप्रत्यक्ष १८, नफा १०. म्हणून प्रत्येक कामाचा प्रत्यक्ष खर्च ०.७२ ने भागायचा. आठ लाखांच्या घराचे ११ लाख ११ हजार. चढवायचे टक्के वीस नव्हेत, जवळजवळ एकोणचाळीस. जीएसटी यात धरलेला नाही. तो गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारात भरायचा, त्याला आपले पैसे समजू नये.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर-विश्लेषणात कंत्राटदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरतात. त्याकडे बोट दाखवून एकोणचाळीस म्हणजे लूट, असे कोणी म्हणेल. पण तेच गुदाम आणि तोच टेम्पो वर्षाला दोन कोटींच्या कामावर वाटला गेला, तर टक्के आपोआप उतरतात. आमचा वाटा तीन घरांवर पडतो.

आणि खरी अडचण इथेच आहे. दर वाढवला की एखादे काम हातचे जाते. तीनऐवजी दोन घरे मिळाली तर तेच सहा लाख १६ लाखांवर बसतात, आणि चढ त्रेपन्न टक्क्यांवर जातो. दर वाढवल्याने कामे कमी, कामे कमी म्हणून दर आणखी वर! पुस्तकात याला उत्तर आहे: मंदीत प्रत्यक्ष खर्चाहून थोडे वर मिळाले तरी काम घ्यावे, तेवढाच गुदामाच्या भाड्याला हातभार. हे बरोबर आहे, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंतच, असे माझे मत. आमच्याकडचा पाऊस चार महिने बाहेरचे काम चालू देत नाही, तेव्हा आतले गिलाव्याचे, फरशीचे काम कमी दरात घेणे शहाणपणाचे. तीच सवय जानेवारीत राहिली तर बांगड्या पुन्हा पतपेढीत.

सुटीचा धडा तर मला सर्वांत धक्का देणारा वाटला. अकरा लाख अकरा हजारांवर पाच टक्के सोडले म्हणजे साडेपंचावन्न हजार गेले. सिमेंट, मजुरी, भाडे काहीच कमी होत नाही. सगळे जाते एक लाख अकरा हजारांच्या नफ्यातून, म्हणजे बरोबर अर्धा नफा.

वडिलांनी नव्या रीतीने पहिला दर दिला तो अनगोळच्या एका गिऱ्हाइकाला. ते काम दुसऱ्याला गेले. पुढच्या खेपेस वडगावातल्या गृहस्थांनी साठ हजार कमी करा म्हटले. वडिलांनी दर धरून ठेवला आणि नकाशातला पुढचा व्हरांडा आखूड करून दाखवला. आठवड्याने ते गृहस्थ विसार घेऊन घरी आले, आणि व्हरांडा मात्र पूर्वीएवढाच हवा म्हणाले.