बॅकअप आहे, पण उघडतो का?

तिसऱ्या सेममध्ये सबमिशनच्या आदल्या रात्री माझा पीसी बसला. मी निवांत होते, डिस्क इमेज होती ना! पण इमेज उघडेचना. करप्ट! रात्रभर जागून सगळं परत टाइप केलं, तेव्हा कुठे अक्कल आली.

कॉपी-पेस्टने फक्त फाइल्स जातात. इमेजमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोग्रॅम्स, सेटिंग्ज, सगळं जसंच्या तसं येतं. मग सॉफ्टवेअर निवडताना काय बघायचं?

१) विंडोज सुरूच होत नसेल, तर पेन ड्राइव्हवरून बूट करून रिस्टोअर करता येतं का?

२) तयार झालेली इमेज तपासायची सोय आहे का?

३) ते अजून चालू आहे का? एकेकाळी सगळे वापरायचे ते नॉर्टन घोस्ट २०१३ मध्ये बंद झालं. क्लोनझिला फुकट आणि ओपन सोर्स आहे. मात्र नवी डिस्क निदान जुनीएवढी तरी मोठी लागते.

मोठ्यांचंही चुकतं बरं का! ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेस डिलीट झाला. रोजचा बॅकअप व्हर्जन न जुळल्याने फेल होत होता आणि कोणाला पत्ताच नव्हता! सहा तास आधी सहज काढलेली एक कॉपी होती, म्हणून वाचले.

तेव्हा इमेज वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि आजच त्यातली एक फाइल रिस्टोअर करून बघा. उघडली, तरच तो बॅकअप!