सेबेन्झा विकताना

पोर्टलंड, ऑरेगन

चि. अन्वय,

तुझा मोठा सेबेन्झा २१ चाकू विकायचं ठरलंय, तर मी आडवा येणार नाही. तुझ्या कपाटात तो नुसता पडून आहे. ज्याला हवा त्याच्या हाती गेलेला बरा. पण विकण्याआधी मुठीवरचे ओरखडे घासून काढणार आणि मशीनवर धार लावून घेणार, असं तू लिहिलंस, ते वाचून लगेच लिहायला बसलो. यातलं काहीही करू नकोस.

हा चाकू घेणारा माणूस नुसत्या धारेचे पैसे देत नाही. क्रिस रीव्ह १९८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आयडाहोतल्या बॉइसीला आले. सेबेन्झा ही त्यांचीच निर्मिती. मुठीच्याच टायटॅनियमची एक पट्टी कापून ती पात्यामागे अडकवायची, ही त्यांची रचना आज फ्रेम लॉक या नावानं जगभरचे कारखाने वापरतात. त्यांच्या कामाची ख्याती आहे ती भाग एकमेकांत किती अचूक बसतात यासाठी. टायटॅनियमचा तो मंद, खरखरीत पोत सँडपेपर लावलास की गेला; घरी परत आणता येत नाही. कारखाना तसं काम पैसे घेऊन करून देतो. ते करायचं की नाही, हे नव्या मालकाला ठरवू दे. धारेचंही तेच. मशीन पोलाद खातं, आणि दोन्ही बाजूंची धार कमीजास्त झालेली जाणकाराला फोटोतही दिसते.

साफसफाई मात्र जरूर कर. कंपनीची त्याला हरकत नाही, पेटीत ॲलन की त्यासाठीच दिलेली असते. जुनं ग्रीस पुसून वॉशरना नवं लाव. पिव्हटमध्ये नळीसारखं बुशिंग आहे, त्यामुळे इतर चाकूंसारखं स्क्रू सैल-घट्ट करत बसू नकोस, पूर्ण आवळ.

मग दिवसाच्या उजेडात फोटो काढ. मिटलेला चाकू वरून दाखव, म्हणजे पातं मधोमध बसतं का ते कळेल. उघडलेला दाखव, लॉक पात्याच्या बुडाशी कुठवर सरकलंय ते दिसेल असा. क्लिपखालचा ओरखडा सगळ्यात जवळून घे. तो लपवलास आणि माणसाला पेटी उघडल्यावर सापडला, तर तुझ्या बाकीच्या प्रत्येक वाक्यावर तो संशय घेईल, आणि त्याचं चुकणार नाही. या चाकूच्या नकला खूप निघाल्यात. म्हणून मूळ पेटी, चाकूच्या जन्मतारखेचं कार्ड आणि असेल तर खरेदीची पावती एकाच फोटोत ठेव, शेजारी तुझं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी. पोलाद एस३०व्ही की एस३५व्हीएन, हे विचारलं जाणारच. या मॉडेलमध्ये दोन्ही आली. किती वापरलास, कशावर वापरलास, धार कधी लावली, कितव्या हातचा आहे, हे घेणाऱ्यानं विचारण्याआधी लिही.

किमतीसाठी लोक काय मागतात ते पाहू नकोस, खरोखर कितीला विकले गेले ते पाहा. मॉडेल बंद झालंय म्हणून भाव चढवणं मला पटत नाही. त्याच्या जागी आलेला सेबेन्झा ३१ नवाकोरा मिळतो.

गिऱ्हाईक सिअ‍ॅटलमध्येच भेटणार असेल तर एक लक्षात ठेव. तुमच्या शहरात साडेतीन इंचांहून लांब पात्याचा चाकू अंगावर बाळगायला मनाई आहे, आणि तुझं पातं ३.६२५ इंचांचं आहे. खिशाला अडकवून कॉफीच्या दुकानात जाऊ नकोस. पेटीत नीट गुंडाळून ने. घेणारा सज्ञान आहे याची खात्री कर. टपालानं पाठवलास तर विमा उतरव आणि सही घेऊनच पार्सल द्यावं अशी सोय कर. ब्रिटनहून कुणी मागितला तर नाही म्हण. तिथे लॉक होणारा चाकू, पातं कितीही लहान असलं तरी, सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगणं गुन्हा आहे. ती गुंतागुंत तुला नको.

मजकूर आणि फोटो तयार झाले की कुठेही देण्याआधी मला पाठव. किमतीचा आकडा आपण दोघं बोलून ठरवू.

तुझा,
मामा